आईसाहेबांचा वाचक बिनजामीन ठरला त्याची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने बंद दप्तर उघडते आणि उघडे दप्तर गैरहाती जात नाही, त्या गजाननास नमन करून सेवक लिहितो ऐसे जे, शके १९४४ शुभकृतनाम संवत्सरी, आश्विन मासी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची मनाई आहे, आईसाहेब गादीवर असता त्यांची दृष्टी पूर्ण गेली. आणि कारभार तर चालविलाच पाहिजे, म्हणून हुजुरासाठी एक नवा लॅपटॉप आणिला आणि दसऱ्याचे दिवशी त्यास हळदकुंकू लावून गादीशेजारी चौरंगावर ठेविला. त्याचे पोटात कारखान्यातूनच एकतीस प्रोग्राम बसून आले होते. त्यांस कोणी बोलाविले नव्हते. एक हवामान सांगे ते परमुलखाचे. एक दुकानदार घटकेघटकेस काही विकत घ्या म्हणे. एक संरक्षक होता, तो कोणापासून रक्षितो हे न सांगता मुदत संपत आली म्हणून भय घाली. आणि पत्त्यांचा डाव, फळे फोडण्याचा खेळ, असे रिकामटेकडे किती लिहावे. यंत्र सुरू करावे तो हे सारे एकदम आत घुसत, आणि चहा निवून त्यावर साय धरे तरी पत्र उघडत नसे. परंतु त्याच एकतिसांत एक वाचक होता. तो पडद्यावर अक्षर जसे असेल तसे मोठ्याने वाची, काना सोडीत नसे, मात्रा सोडीत नसे, लाडीगोडी त्यास ठाऊक नव्हती. गंगोबा दप्तरदार यांनी त्यास पहिल्याच दिवशी जागे केले, आणि तेव्हापासून आईसाहेब आपली पत्रे आपल्या कानांनी ऐकू लागल्या आणि कोणाचे तोंड पाहण्याची गरज उरली नाही, म्हणून फार संतुष्ट होत्या.

यंत्राची शिक्केकट्यार याच गंगोबांकडे होती. शिक्केकट्यार म्हणजे कारभाऱ्याचा अधिकार: नवा प्रोग्राम ठेवणे, जुना काढणे, कोणास किती हक्क देणे, हे ज्याचे हाती तो यंत्राचा कारभारी, आणि बाकीचे रयत; रयतेने लिहावे, वाचावे, परंतु घराची भिंत हलवू नये. गंगोबांची चाल अशी की स्वतःदेखील रोजचे काम रयतेच्या खात्यावरून करीत, आणि गरज पडली तरच परवलीचा शब्द घालून कारभारी होत, आणि काम उरकताच पुन्हा रयत होत. आम्ही आठ कारकून होतो. आम्ही शिक्का मागितला की म्हणत, "काय बसवायचे ते मला सांगा, मी पाहून बसवितो." आम्हांस हे अपमानाचे वाटे. आणि बारीकसारीक गोष्टीस ते हुजुरात येऊन विचारीत, अमुक येऊ द्यावे काय, तमुक जाऊ द्यावे काय, तेणेकरून आईसाहेब कंटाळल्या. मग राघो विश्राम मुजुमदार यांनी संधी साधून कानी घातले की, गंगोबा किल्ली कोणास देत नाहीत, त्या अर्थी आत काही दडविले असेल. आईसाहेबांनी गंगोबांस बोलावून विचारिले, "यंत्र आमचे की तुमचे?" गंगोबा म्हणाले, "यंत्र आपले. चूक झाली तर ती मात्र माझी." या उत्तराने मर्जी अधिकच बिघडली. शिक्केकट्यार काढून राघोपंतांस दिली आणि गंगोबांस घाटमाथ्याच्या नाक्यावर नेमिले. त्यांचे वय अडुसष्ट, छातीत दमा, आणि मार्गशीर्षाची थंडी. जाताना आम्हांस इतकेच म्हणाले, "त्या एकतिसांतले पुष्कळ काढण्याजोगे आहेत रे. पण काढण्यापूर्वी मला एक चिठी टाका." ती चिठी कोणी टाकिली नाही.

राघोपंतांनी पहिल्याच आठवड्यात आठही कारकुनांस कारभारी केले, वारंवार येऊन विचारू नये म्हणून. मग आम्ही माणसे कशाला मागे राहतो, ज्यास जे दिसले ते त्याने बसविले, पडद्यावर पाटी आली की न वाचता होय म्हटले, आणि पौष लागला तो यंत्र इतके जड जाहले की आईसाहेब त्रासून म्हणाल्या, "पत्र उघडेतोवर लिहिणारा म्हातारा होईल. गैर असतील ते काढून टाका." तेव्हा राघोपंतांनी या राज्याचा जुना रिवाज काढिला. रिवाज असा की, परका मनुष्य राज्यात राहावयाचा तर दरबारातील कोणी त्यास जामीन राहिले पाहिजे. ज्यास जामीन नाही त्यास वेशीबाहेर घालावे. हाच कायदा प्रोग्रामांस लाविला. आईसाहेब देवपूजेस बसल्या होत्या तेवढ्यात यादीचा पुकारा केला, आणि पुकारणारा हा सेवकच होता. पत्त्यांच्या डावास सेवक जामीन राहिला. फळांच्या खेळास तिघे राहिले. दुकानदारासही एक निघाला. मग एक नाव आले, तीन परकी अक्षरे आणि दोन आकडे, त्याचा अर्थ कोणास लागेना. तो वाचक होता. सेवकास ते ठाऊक होते, कारण दसऱ्याचे दिवशी गंगोबांनी त्याच नावावर बोट ठेवून त्यास जागे केले ते सेवकाने जवळ बसून पाहिले होते. परंतु वाटले की बोलावे तर जामीनकी आपल्या गळ्यात पडेल, आणि पुढे काही बिघडले तर गंगोबांसारखे नाके पाहावे लागेल. एक कारकून हळूच म्हणाला, "आईसाहेबांस विचारावे काय?" राघोपंत म्हणाले, "गादीने नोकरास जामीन राहावे? शोभेल का हे?" सर्वांनी माना हलविल्या. नाव खोडले, आणि वाचक मुळासकट गेला.

पूजा आटोपून आईसाहेब आल्या आणि कळ दाबून म्हणाल्या, "वाच." यंत्र गप्प. पुन्हा म्हणाल्या, "अरे, वाच ना." आम्ही आठ जण भिंतीस लागून उभे होतो. मग राघोपंत म्हणाले, "यंत्र बिघडले आहे, कारागीर बोलाविला आहे, तोवर मीच वाचून दाखवितो." येथे न्यायाने लिहिले पाहिजे की राघोपंतांनी वाचक जाणूनबुजून काढिला नव्हता. आणि हेही लिहिले पाहिजे की, तो गेल्यावर काय सोय होते हे कळताच त्यांनी तो परत आणिला नाही, आणि कारागीर कधी आला नाही. चौथ्या दिवशी गंगोबांचे पत्र आले. राघोपंतांनी ते आधी मनात वाचिले, त्यांचा चेहरा उतरला, आणि मग मोठ्याने वाचिले की, गंगोबा खुशाल आहेत, हवा मानवली आहे, हुजूरची आठवण काढतात. अशी सहा पत्रे आली, काही त्यांनी दिवसचे दिवस दाबून ठेविली, आणि सहाही खुशालीचीच वाचिली. पुढे कारकुनांपैकी कोणी वाचक परत बसवील या भयाने त्यांनी आमची कारभारकी काढावयास घेतली. गंगोबांचे जुने खाते तर आधीच मोडले होते. घाईत सारी यादी एकदम धरून रयतेत उतरविली, आणि त्या यादीत त्यांचे स्वतःचेही नाव होते. तेव्हापासून यंत्रास धनी उरला नाही, आणि हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

फाल्गुनात एके दुपारी गंगोबांची लेक सगुणाबाई घाटावरून चालत आली आणि हुजुरात उभी राहून म्हणाली, "आईसाहेब, बाबांनी सहा पत्रे धाडली. एकाचे तरी उत्तर यायला हवे होते." आईसाहेब म्हणाल्या, "खुशाल आहेत ना? सहावे पत्र ऐकून आठ दिवस झाले." सगुणाबाई म्हणाली, "आठ दिवसांपूर्वी त्यांचे तेरावे झाले." राघोपंतांच्या हातचा कागद खाली पडला तो आईसाहेबांनी ऐकिला, आणि त्या दिशेस मान वळवून म्हणाल्या, "वाचक आत्ताच्या आत्ता परत आणा." राघोपंत बसविण्यास बसले, तो पडद्यावर पाटी आली की कारभाऱ्याची परवानगी पाहिजे, आणि पाटीवर नको म्हणावयास जागा होती, होय म्हणावयास नव्हती. त्यांनी परवलीचा शब्द घातला, आम्ही आठांनी आपापले घातले. यंत्राने कोणासही ओळखिले नाही.

मग खरोखरीचा कारागीर आणविला. तो म्हणाला, यंत्र मूळ स्थितीस न्यावे लागेल, आत साठविले ते सारे पुसेल. पत्रे दूरच्या टपालखात्यात आहेत म्हणून ती शाबूत राहतील, संध्याकाळपर्यंत वेळ लागेल. परंतु आईसाहेबांस धीर निघेना. दुसऱ्या यंत्रावर पत्रे उघडवून सगुणाबाईस म्हणाल्या, "तू वाच." आणि लगेच म्हणाल्या, "पण लिहिले आहे तेच वाचतेस, हे मी कशावरून समजू?" सगुणाबाई म्हणाली, "नाही समजायचे, आईसाहेब." आणि वाचू लागली. पहिल्या पत्रात होते की, वाचकाचे नाव अमुक आहे, त्यास काढू देऊ नये. दुसऱ्यात, शिक्का आठांस दिल्याचे ऐकतो, हे बरे नाही. तिसऱ्यात खोकल्याचे होते. चौथ्यात आणि पाचव्यात खाली बदली मागितली होती. सहावे दोन ओळींचे होते: दम फार लागतो, आता लिहवत नाही. आईसाहेबांनी सहाही ऐकिली आणि पदर डोळ्यांस लाविला. आम्हांस वाटले, झाले ते इतकेच.

दिवेलागणीस यंत्र मूळ स्थितीस येऊन चौरंगावर आले. एकतीसही जण परत आले, हवामानवाला आला, दुकानदार आला, आणि वाचकही आला. आईसाहेबांनी सहावे पत्र उघडविले. वाचकाने दम फार लागतो हे वाचिले, आता लिहवत नाही हे वाचिले, आणि त्याच सुरात पुढे वाचिले, "थंडीचे दुःख नाही. आपण एकदाही उत्तर दिले नाही याचे आहे." आईसाहेबांनी विचारिले, "सगुणे, हे का गाळलेस?" ती म्हणाली, "आपल्याला लागेल म्हणून." आईसाहेब म्हणाल्या, "राघोसुद्धा असेच काही म्हणेल."

पुढे राघोपंतांस दूर केले. शिक्केकट्यार सगुणाबाईस दिली, आणि ती रोजचे काम रयतेच्या खात्यावरून करते. एकतिसांपैकी एकही काढण्यास आईसाहेब परवानगी देत नाहीत. त्या रात्री त्यांनी सेवकास गंगोबांचे नावे उत्तर लिहावयास बसविले, राजमान्य राजेश्री हा मायना सांगितला, आणि पुढे काही सांगितले नाही. तो कागद तसाच दप्तरी आहे. इतके वर्तमान, जसे घडले तसे, एकही ओळ न गाळता लिहिले. ज्याने यादी पुकारली आणि माहीत असून तोंड उघडले नाही, त्याचे नाव येथे घालण्याजोगे नाही, म्हणून घातले नाही.