तेलपकड डब्याची फत्ते आणि मोटारीचा नवा अंमल

स्वस्ति श्री. हुजुरांची आज्ञा जाहली कीं, मास्तरसाहेबांनीं मोटारीच्या पोटीं तेलपकड डबा कैसा बसविला, गनीम कोण, कुमक कोणाची, शिकस्त कोठें खाल्ली आणि फत्ते कैसी जाहली, हें वर्तमान साद्यंत लेहून ठेवणें. आज्ञा शिरीं वंदून सेवकें जैसें घडलें तैसें लिहिलें आहे. पदरचें तिखटमीठ लाविलें नाहीं. लाविलें असेल तें चवीपुरतें.

मास्तरसाहेब म्हणजे शाळेंत भूमिती शिकविणारे, रेघ केसभर हलली तरी अख्ख्या वर्गास फैलावर घेणारे. त्यांची टर्बोची मोटार म्हणजे त्यांचा जीव कीं प्राण. टर्बो हा सरदार मोठा जोरावर. तो इंजिनांत हवा कोंबकोंबून भरी, आणि मग त्या दाबानें पोटांतील तेलाची वाफ नळीवाटे वर चढे, आणि ताज्या हवेच्या रस्त्यांत शिरून तेथेंच ठाण मांडी, आणि मग तें तेल जळून मागल्या नळकांड्यांतून निळा धूर निघे. एके सकाळीं हा धूर थेट तळमजल्यावरील दवाखान्यांत शिरला. दवाखाना बाईसाहेबांचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचा. त्या दातांच्या डॉक्टर. खुर्चींत आ वासून बसलेला रोगी ऐसा खोकला कीं बाईसाहेबांचें बोट कचकन चावला.

तेव्हां बाईसाहेब क्रोधायमान होऊन त्यांचें फर्मान सुटलें कीं, मोटार तत्काळ आपल्या धाकट्या भावास द्यावी. मेहुणेसाहेबांचा त्या मोटारीवर पूर्वींपासून डोळा; येतां जातां टायरास हलकीच लाथ मारून "दाजी, विकायची झाली तर आधी मला सांगा हं," म्हणावयाचे. फर्मान ऐकतांच मास्तर बाईसाहेबांपुढें हात जोडून उभे राहिले. मग नाना प्रकारें रदबदली करून तह ठरला तो ऐसा: मास्तरांनीं तेलपकड डबा बसवावा, महिनाअखेरीस तो मेहुण्यांदेखत उघडावा, आंत तेल सांपडलें तर मोटार घरांत राहील, कोरडा निघाला तर किल्ली मेहुण्यांचे हवालीं.

रविवारीं खासा स्वारी गॅरेजांत दाखल जाहली. डबा तांब्याएवढा, काळाभोर, आंत जाळी, माथ्यावर दोन तोंडें. एकांतून तेलकट वाफ यावी, जाळीवर आपटून तेल तळाशीं बसावें आणि दुसऱ्यांतून कोरडी हवा पुढें जावी, ऐसा बंदोबस्त. मास्तरांनीं पट्टी, कंपास, कोनमापक काढून सारा मुलूख मोजिला, आणि मग नळ्या कापिल्या, आणि मग पाना निसटून बोटाचें सालटें निघालें, आणि एक नट इंजिनाच्या दरींत फरारी जाहला, त्यास दोरीला बांधिलेला चुंबक सोडून कैद करून आणिला. डबा लोखंडी पट्टीनें व बोल्टानें बाजूच्या पत्र्यावर आवळला. मग मास्तरांनीं कमरेवर हात ठेवून मान तिरकी करून तो न्याहाळला आणि मोठ्या दिमाखांत बॉनेट खालीं लोटिलें.

बॉनेट लागेना. दाबिलें, लागेना. वर बसून पाहावें तर पत्र्यास पोचा पडावयाचा. चहाचा कप हातीं घेऊन तमाशा पाहाणारे मेहुणेसाहेब बोलिले, "असू द्या दाजी, जरा उघडं राहिलं तरी मला चालेल." तेव्हां मास्तरांचे ध्यानीं आलें कीं, सारीं मापें बॉनेट उघडें ठेवून घेतलीं, वरून कांहीं खालीं येणार, हें त्या अचूक भूमितीस ठाऊकच नव्हतें. मास्तर पालथ्या बादलीवर मटकन बसले. गेली आपली गाडी, ऐसें वाटून त्यांचे डोळे भरून आले.

गलबला ऐकून बाईसाहेबांची स्वारी आली. नवऱ्याचें तोंड पाहिलें, भावाचें पाहिलें, आणि तडक दवाखान्यांत जाऊन निळ्या कागदाची पट्टी घेऊन आल्या. नवा दात बसविल्यावर तो कोठें उंच लागतो हें पाहावयास रोग्यास जो कागद चावावयास देतात, आणि उंच जागीं निळा डाग उमटतो, तोच हा. तो डब्यावर आणि त्याच्या लोखंडी पट्टीवर पसरून हुकूम जाहला कीं, "अहो, हळू चावू द्या." मास्तरांनीं बॉनेट अलगद टेकविलें. "आता उघडा." पाहातात तों डब्यावर डाग नाहीं! निळा टिपका पडला तो लोखंडी पट्टीच्या बोल्टाच्या शेंड्यावर. नवा चकचकीत नट वरून दिसावा या हौसेनें मास्तरांनीं बोल्ट खालून वर घातला होता. "माझ्या पेशंटचा दात असता तर घासला असता," बाईसाहेब बोलिल्या, "तुम्ही नुसता उलटा करा." बोल्ट उलटा केला आणि बॉनेट खट्कन लागलें. मेहुणेसाहेबांचा चहा निवाला.

महिनाअखेरीस मेहुणेसाहेब नवीं सीट कव्हरेंच घेऊन हजर जाहले, इतका भरंवसा! मास्तरांनीं डबा फिरवून सोडविला आणि दवाखान्यांतील चूळ भरावयाच्या पेल्यांत पालथा केला. क्षणभर कांहींच पडेना. मग काळें, दाट तेल संथपणें उतरलें आणि पेल्याचा तळ झांकून गेला.

"अगं बाई! हे सगळं बिचारीच्या पोटात जात होतं?" ऐसें म्हणोन बाईसाहेबांनीं मोटारीच्या बॉनेटावरून मायेनें हात फिरविला. मास्तर आनंदानें गहिंवरले. तोंच दुसरें फर्मान जाहलें: "एवढी गुणाची झालीय तर घरोघर पेशंट बघायला मीच नेत जाईन. आणा किल्ली." तहांत मोटार घरांत राहावी इतकेंच होतें, चालवावी कोणीं, हें कलम घालावयास मास्तर विसरले होते. सीट कव्हरें लुटींत जमा जाहलीं. मास्तरांस डबा रिकामा करण्याचें वतन बहाल जाहलें.

येणेंप्रमाणें फत्ते जाहली, ती नमूद केली असे. हल्लीं मास्तरसाहेब शाळेस पायीं जातात. फाटकाशीं मोटार सुरू जाहल्याचा आवाज आला कीं थांबतात, वळून मागल्या नळकांड्याकडे पाहातात, आणि धुराचा मागमूस नाहीं ऐसें पाहून छाती फुगवून शाळेची वाट धरतात.