बन्सीअण्णाचं चरणारं मशीन

पोळ्याला सगळं जग बैल सजवतं, आमच्या बन्सीअण्णानं गवत कापायचं मशीन सजवलं. धुऊन पुसून बॉनेटला गेरू लावला, स्टिअरिंगला गोंडे बांधले आणि पुढ्यात पुरणपोळी ठेवली, ती पण बायकोच्या, गोदावहिनींच्या हातची. मी म्हटलं, "अण्णा, अवजारांची पूजा दसऱ्याला असते हो." तर मलाच म्हणतो, "भाऊसाहेब, जे चरतं ते जनावर. उगी शिकवू नगा."

आमचा सहकारी साखर कारखाना पाटोद्याच्या बाजूला, माळावर. मी तिथं स्टोअरचा कारकून, अण्णा फिटर, आणि कॉलनीत आमची भिंतीला भिंत. संचालक मंडळ परदेशात अभ्यासदौऱ्याला गेलं, ऊस सोडून तिथली हिरवळ बघून आलं आणि आमच्या नशिबी हे बसून चालवायचं मशीन आलं. ऑफिससमोर लॉन झालं. गोदावहिनी तिथं रोजंदारीवर पाणी घालायच्या. अण्णा मशीनवर नवरदेवासारखा बसून फिरायचा आणि शेवंतीच्या वाफ्यापाशी आला की हाक मारायचा, "मालकीणबाई, हितनं जाऊ का?" त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

मग तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या. पाठोपाठ दुष्काळ आला. लॉन जळालं, ऊस नाही म्हणून कारखान्याचा भोंगा थांबला आणि आवारात चारा छावणी लागली. अण्णाची फेरी मात्र चुकली नाही. उन्हं उतरली की छावणीतल्या गुरांच्या घंटा वाजायच्या, पिवळी धूळ हवेतच थांबून राहायची आणि तिच्यातून अण्णाचं मशीन सावकाश तरंगत जायचं. पातं वर उचललेलं, कापायला काडी नाही. मधेच मोकळ्या जागी ते उगाच वळसा घ्यायचं.

"कशाला वळता हो तिथं?" मी एकदा विचारलं.

"शेवंती हाय की."

मी बघितलं, नुसती भेगाळलेली माती होती. पण खोटं कशाला बोलू, घटकाभर मलाही वास आल्यासारखा झाला. येडा माणूस, शेजाऱ्यालाही येडं करतो!

आणि एक दिवस मशीन चालूच होईना. नेमकं त्याच दिवशी व्हाइस चेअरमनसाहेबांनी फर्मान काढलं, अडगळीतलं सगळं भंगारात काढा. अण्णा हाता-पाया पडला, तेव्हा म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चालू करून दाखव, ठेवतो. नाहीतर परळीचा ट्रक येतोय."

अण्णा कामाला लागला. त्याची एक रीत होती, आधी इचारायचं, मग पाना लावायचा. म्हणून तो बॉनेटला कान लावून बसला. "काय दुखतंय, बाबा?" मशीन गप्प. किल्ली फिरवली तर साधं टक्कसुद्धा नाही. बॅटरी बघितली, दिवा लख्ख लागला. टर्मिनलवर पांढरी भुकटी दिसली. धुवायला गरम पाणी हवं, पण टँकर चार दिवसांनी यायचा. अण्णानं माझा गरम चहा उचलून ओतला! फ्यूज बघितला, ब्रेक दाबून बघितला, पात्याचा दांडा खाली-वर केला, स्टार्टरला हातोडीच्या दांड्यानं थोपटलं. किल्ली फिरवली की पुन्हा ठणठण गोपाळ.

शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी बसा वर. मी स्टार्टरला कान लावतो."

मी बसलो. आमचा देह सगळ्या कॉलनीला माहीत आहे, सीट करकरली. किल्ली फिरवली आणि खर्रर्र करून इंजिन चालू!

अण्णा टुणकन उठला. मला उतरवून स्वतः बसला. गप्प. पुन्हा मी बसलो, चालू. पुन्हा तो, गप्प.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. सीटखाली एक बटण असतं. माणूस बसल्याशिवाय इंजिन फिरू नये म्हणून. बटणाची स्प्रिंग होती तशीच होती, अण्णाच तेवढ्या वजनाचा राहिला नव्हता.

"म्हंजी," तो हळूच म्हणाला, "ह्याला वाटतंय, हितं माणूसच बसला न्हाई."

मी प्रथमच त्याच्याकडं नीट बघितलं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. "अण्णा, जेवता का नाही?"

"एकट्यासाठी कुठं चूल पेटवायची, भाऊसाहेब? चहा-बटर खातो."

भिंतीपलीकडं माणूस वाळत होता आणि आम्ही त्याच्या फेऱ्यांना हसत होतो. मी म्हटलं, "वायर जोडून डायरेक्ट करा आणि मोकळे व्हा." तर भडकला. "ते बटण माणसाच्या जिवासाठी हाय! उद्या कुणी पडलं म्हंजी पातं काय वळखणार हाय त्याला?"

तो घरी गेला आणि धापा टाकत परत आला. खांद्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं जड काहीतरी. सोडलं तर दगडी पाटा, गोदावहिनींचा, चटणी वाटायचा. तो मांडीवर घेऊन अण्णा सीटवर बसला, एका हातानं त्याला कवेत घेतलं आणि किल्ली फिरवली.

खर्रर्र!

ट्रक फाटकात उभा होता. व्हाइस चेअरमनसाहेब म्हणाले, "अरे, हे मांडीवर काय घेतलंय?"

"घरचं माणूस हाय, साहेब."

साहेबांनी ट्रकवाल्याला हातानंच जा म्हणून खूण केली. अण्णा पाटा घेऊन माळभर फिरला, अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी माझी बायको सुमन त्याला जेवायला बोलवायला गेली. तो आला, पण रिकाम्या हातानं नाही. पाटा उंबऱ्याशी उतरवून म्हणाला, "वहिनी, ह्याच्यावर चटणी वाटत जा. मशीनवर बसताना न्हेत जाईन. लई दिस झाले, कोरडाच पडलाय."