निकलअण्णा आणि सात नंबरची बोअर

माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही हिंडलग्याला गेलो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मारुतीअण्णांना बरोबर नेलं होतं. माझे वडील, अण्णांचे जुने सोबती, जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. पोहे आले, मुलगी आली, तिनं नाव-शिक्षण सांगितलं आणि अण्णांचा पत्ता नाही. हात धुवायला म्हणून गेले होते, ते मागच्या बेसिनपाशी उभे राहून नळ नखानं खरवडत होते.

मुलीचे वडील बिचारे ओशाळले. "पाणी येईना काय?"

"पाणी येतंय की," अण्णा म्हणाले. "पर निकल न्हाय. कवा घेतलासा ह्यो? बगा, आत्ताच फोड आल्यात. दुकानदारानं फसवलंय तुमास्नी."

मग बाहेर येऊन टॉवेलाला हात पुसत त्यांनी सगळ्या बैठकीसमोर निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. नळ तेवढा बदला."

लग्न झालं. नळही बदलला, आणि सासऱ्यांनी तो बसवण्याआधी आमच्या गावी आणून अण्णांना दाखवला.

गावात त्यांना मारुतीअण्णा म्हणणारे थोडे, निकलअण्णा म्हणणारे सगळे. निपाणी आणि कोगनोळीच्या मधे आमचं गाव आणि गावाच्या कडेला सायकलींचे हँडल, रिम, स्कूटरचे सुटे भाग करणारा कारखाना होता. तिथल्या प्लेटिंग खात्याचे अण्णा फोरमन. लोखंडावर आधी तांब्याचा, मग निकलचा आणि सगळ्यात शेवटी क्रोमचा थर चढवायचा. "क्रोम म्हंजे तोंडाला पावडर रं," ते मला समजावायचे. "वरनं चकाकतंय ते क्रोम. टिकतंय ते निकल." त्यानंतर जगातली कुठलीही चकाकती वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नाही. बेळगावच्या दवाखान्यात माझ्या चुलत्याला बघायला आले, तर चुलत्याची तब्येत विचारायच्या आधी खाटेच्या दांडीवर बोट फिरवलं. नवीन आमदाराचा सत्कार झाला, अण्णा मागच्या रांगेतून पुटपुटले, "चकाकतोय. बघू किती म्हयनं टिकतोय."

त्यांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला आरपार भोक होतं. क्रोमच्या वाफेनं जुन्या प्लेटिंगवाल्यांना पडायचं तसं. लहानपणी आम्ही हट्ट केला की अण्णा एका नाकपुडीतून वाकळेचा दोरा घालून दुसरीकडून काढून दाखवायचे आणि म्हणायचे, "ही आमची सर्विस." आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. आता ते आठवलं की कसंतरीच होतं.

कारखाना होता तेव्हा गावाला घड्याळ लागत नसे. पहिल्या भोंग्याला बायका चुली पेटवायच्या, दुसऱ्याला गडी सायकलीवर टांग टाकायचे. खंडेनवमीला कारखान्याचं फाटक सगळ्यांना उघडं असायचं. झेंडूच्या माळा घातलेल्या हौदांपुढं अण्णा कडक इस्त्रीच्या शर्टात उभे आणि माझे वडील, पॅकिंग खात्यातले, येईल त्याला चुरमुरे-पेढे वाटताहेत. गावात एकही घर असं नव्हतं जिथं कारखान्यातला नापास माल नव्हता. कुणाच्या गोठ्यात हँडलची खुंटी, कुणाच्या पाळण्याला चकाकती दांडी. माझाही पाळणा तसल्याच दांडीला होता, आई सांगते.

मग कारखाना बंद पडला. मालक निघून गेले, पत्रे चोरीला गेले, आवारात घाणेरी माजली. आणि दोन वर्षांनी एका सकाळी आईनं आमच्या विहिरीतून घागर ओढली, तर पाणी पिवळं. हळदीचा हात धुतल्यावर येतं तसं. आईनं ती ओतून दुसरी ओढली, तिसरी ओढली. मग दोर गुंडाळून ठेवला आणि विहिरीच्या तोंडावर पत्रा टाकला. नंतर आणखी घरांच्या बोअरी पिवळ्या झाल्या. पंचायतीनं लांबून पाइप आणून नळ दिले. पण ज्या विहिरीवर ती नवी नवरी म्हणून हळदीच्या अंगानं पाणी भरायला उभी राहिली होती, तिच्याकडं आई नंतर कधी बघत नसे. त्या बाजूची खिडकीही ती उघडत नसे.

बरीच वर्षं गेली, आणि मागच्या-मागच्या वर्षी कारखान्याच्या फाटकावर नवा फलक लागला. जमिनीखालचं पाणी शुद्ध करायचं काम निघालं होतं. धारवाडकडची एक तरुण इंजिनिअर बाई आली. तिला सगळे म्याडम म्हणत. तिनं आवारात आणि आवाराबाहेर बारा बोअरी मारल्या, पाण्याचे नमुने घ्यायला. तिचे अहवाल माझ्याच निपाणीच्या झेरॉक्सच्या दुकानात यायचे, म्हणून मला आतली बातमी असायची.

अण्णा पहिल्याच दिवशी फाटकावर हजर झाले आणि कुणी न नेमता कामावर रुजू झाले. घातलेला शर्ट इस्त्रीचा. म्याडमशी कानडीत, मजुरांशी मराठीत आणि बोअरींशी स्वतःशी बोलल्यासारखं. बोअरींना नंबर होते, पण अण्णांच्या तोंडी त्या घरातल्या बायका होत्या. "चारनंबरी आज निवळली बगा. नऊ जरा फुगून बसलीया."

पण काकवीवरून त्यांचं आणि म्याडमचं वाजलं. एक दिवस ट्रॅक्टरमधून काकवीची पिंपं आली आणि मजूर ती पाण्यात कालवून बोअरींत सोडायला लागले. अण्णा आडवे झाले.

"म्याडम, ही भाकरीसंगं खायाची वस्तू हाय! जमिनीला काय बाळंतपण आलंय?"

म्याडमनं शांतपणे समजावलं. जमिनीत बारीक जंतू असतात, ते गोड खाऊन वाढतात, आणि मग त्या पिवळ्या विषाचं, म्हणजे क्रोमचं, रूप बदलतं. ते पाण्यातून सुटून मातीला धरून बसतं, विहिरीत येत नाही. अण्णांनी बराच वेळ विचार केला. मग पिंपात बोट घालून काकवी चाटली आणि तोंड वाकडं केलं. "जंतूंना चालंल. माणसाला कमी प्रतीची हाय." दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पिंप चाटून पास करण्याचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं.

सहा-आठ महिन्यांत अहवालांतले आकडे उतरायला लागले. एक बोअर सोडून. सात नंबर. आमच्या विहिरीकडच्या कुंपणाला लागून असलेली. कितीही काकवी पाजा, ती पिवळीच. म्याडम माझ्या दुकानात कारखान्याचा जुना नकाशा पसरून बसली होती. "नकाशात एकच खड्डा दाखवलाय, तो आपण साफ केला," ती म्हणाली. "पण कुठून तरी अजून येतंय. न दाखवलेलं काहीतरी आहे." अण्णा शेजारी उभे होते. नकाशा त्यांनी बघितला. आणि चहा अर्धा टाकून गेले.

त्यानंतर तीन दिवस ते फाटकावर दिसले नाहीत. चौथ्या दिवशी आमच्या घरी आले. आई सोप्यात तांदूळ निवडत होती. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत, उंबऱ्याशीच बसले.

"वैनी," ते म्हणाले, "कारखान्याच्या स्टोअरमागं अजून एक खड्डा हाय."

आईचा हात थांबला.

"घाण पाणी न्यायला ट्यांकर यायचा. यायचा न्हाय तवा म्यानेजर म्हणायचा, मारुती, मागं सोड. म्या कॉक फिरवायचो. एकदा न्हाय, लई बार. कारखाना बंद झाला तवा म्याच वर मुरूम टाकून घेतला. तुमच्या हिरीचं पाणी पिवळं झालं त्या दिशीच मला कळालं, कुठनं आलंय."

सुपातला एक खडा आईनं उचलला आणि बाहेर टाकला.

"आणि मला आज सांगतासा व्हय?"

"धाडस झालं न्हाय, वैनी."

"मला सांगून काय पाणी निवळतंय?" आई म्हणाली. "उठा. म्याडमला जाऊन सांगा."

अण्णा उठले आणि गेले. म्याडमनं जेसीबी लावला. स्टोअरच्या मागं दीड पुरुष खोलीवर माती हिरवी-पिवळी निघाली. सगळं गाव बघायला जमलं. अण्णा मात्र खड्ड्याच्या कडेला, सगळ्यांना दिसतील असे उभे. कुणी काय बोललं, कुणी शिव्याही दिल्या. ते हलले नाहीत. माती ताडपत्रीत गुंडाळून ट्रकांतून लांब नेली, आणि पुढच्या काही महिन्यांत सात नंबर हळूहळू उतरायला लागली.

आई मात्र अण्णांशी बोलायची बंद झाली. समोर आले तर पदर सारखा करायची, बस्स. अण्णांनीही आमच्या गल्लीनं यायचं सोडलं. मारुतीच्या देवळाला वळसा घालून जायचे. माझ्या बायकोनं एकदा चहाला बोलावलं, तर "लई काम हाय गं" म्हणून सटकले.

काम संपत आलं तसं म्याडमनं घरोघर जाऊन यादी करायला घेतली, कुणाकडं कुठलं पाणी वापरतात याची. ओळखीचा म्हणून मी तिच्याबरोबर. शेवटचं घर अण्णांचं. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, लेक इचलकरंजीला दिलेली. आत एकच खोली, मागं परडं, परड्यात हापसा.

म्याडमनं इकडं तिकडं बघितलं. नळ कुठंच नव्हता.

"नीरु एल्लिंद, अण्णा?" तिनं विचारलं. पाणी कुठून?

अण्णांनी हापशाकडं बोट केलं.

तिला वाटलं, भांडी-बिंडी घासायला. मग तिनं माठावरचं झाकण काढलं, एक पेला भरून दारातल्या उजेडात धरला आणि तिचा चेहराच उतरला. पाणी अगदी फिकट, पण पिवळं होतं.

"नळ का नाही घेतला?" ती जवळजवळ ओरडलीच. "सगळ्या गावाला दिला! हे तुम्ही पिता? किती दिवस?"

"वैनींची हीर झाकली तवापास्नं," अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले.

"गावानं न कळता प्यालं," ते म्हणाले. "मला कळत हुतं."

मला तेव्हा आठवलं, लेक माहेरपणाला आली की अण्णा चावडीजवळच्या नळावर दोन-दोन घागरी भरताना दिसायचे. बाकी वर्षभर कधीच नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारा एकटा, त्याला पाणी ते किती लागणार.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता तिनं एवढंच विचारलं, "हीर झाकल्यापास्नं?"

"व्हय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नळाला पाणी आलं, तशी तिनं तांब्याची कळशी घासली, भरली आणि कमरेवर घेतली. तिचे गुडघे दुखतात. मी धरायला गेलो तर म्हणाली, "सर बाजूला." मी मागनं गेलो. देवळाला वळसा न घालता ती सरळ अण्णांच्या दारात जाऊन उभी राहिली. अण्णा दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण तसाच.

"तांब्या आणा," आई म्हणाली.

त्यांनी आणला. आईनं कळशी तिरकी करून तो भरला.

"प्या."

"नंतर पितो, वैनी."

"नंतर न्हाय." आई कट्ट्यावर टेकली. "मी बघत बसणार."

अण्णांनी तांब्या तोंडाला लावला. मग त्यांनी डोळे मिटून सगळा तांब्या रिता केला. हनुवटीवरून पाणी आणि साबण मिळून खाली गळत होतं. आईनं त्यांच्याकडं न बघता उरलेली कळशी त्यांच्या बादलीत ओतली.

"ब्लिचिंग पावडरीचा वास येतोय पाण्याला," अण्णा कसेबसे म्हणाले.

"येऊ दे," आई रिकामी कळशी कमरेवर घेत म्हणाली. "उद्याबी हेच आणणार हाय."