भल्लरावांचा समुद्र

एका जंगलात, जिथून समुद्र दिसत तर नव्हताच पण जिथे त्याचा वाराही पोचत नव्हता, भल्लराव नावाचं एक अस्वल राज्य करत होतं. मुलांनो, राज्य करणं म्हणजे काय, ते विचारू नका. भल्लरावांनाही ते माहीत नव्हतं.

एकदा भल्लराव शेजारच्या जंगलात जेवायला गेले. तिथल्या रानडुकराने दिवाणखान्यात काचेच्या टाकीत मासे पाळले होते. भल्लराव घरी आले ते तोंड पाडूनच.

"त्याच्याकडे तळं आहे," ते राणीला म्हणाले. "मला समुद्र हवा."

राणीचं नाव मधुराणी. ती म्हणाली, "अहो, समुद्र जिथे आहे तिथे जाऊन बघू या की. चार डोंगर चढायचे, इतकंच."

"राजे समुद्राकडे जात नसतात. समुद्र राजांकडे येतो."

मग काय! सेवक समुद्रावर गेले. त्यांनी खडकांवरची प्रवाळं तोडून आणली. मोठी टाकी झाली, खारं पाणी झालं, दिवे झाले. जांभळी, केशरी, हिरवी प्रवाळं त्यात बसवली. सोबत थोडे मासेही आले.

मुलांनो, प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं. पाण्यातला चुना घेऊन ते आपलं घर बांधतं आणि त्यातच राहतं. समुद्रात चुन्याला तोटा नाही. टाकीतला मात्र लवकरच संपला आणि प्रवाळं कोमेजू लागली.

त्यांच्यातली सर्वांत थोरली पोवळाबाई. ती राणीला म्हणाली, "राणीसाहेब, आमचं घर बांधायचं सामान संपलं. आम्हाला परत पाठवा. ते जमत नसेल तर थोडा चुना तरी द्या."

राणीने दरबारात सांगितलं, "पाण्यात रोज थोडी चुन्याची निवळी घाला. निभेल त्यांचं."

भल्लराव ताडकन उठले. "चुना? पानाला लावतात तो? आमच्या समुद्रात?"

दरबार खो खो हसला. आपण कशाला हसतोय हे दरबाराला कळत नव्हतं, पण दरबाराचं हे नेहमीचंच होतं.

तेव्हा जंबूकराव नावाचे एक कोल्हे पुढे आले. ते परदेशी जंगलात राहून आले होते आणि हे सांगितल्याशिवाय त्यांना शिंकही येत नसे.

"महाराज, तुम्हाला कॅल्शियम रिअॅक्टर लागेल," ते म्हणाले.

भल्लरावांना नाव फार आवडलं. यंत्र त्याच क्षणी मंजूर झालं.

यंत्र आलं. एक उंच पारदर्शक नळकांडं, त्याला एक पंप आणि शेजारी सोडावॉटरमधल्या गॅसची टाकी. जंबूकरावांनी समजावलं, "नळकांड्यात खडे भरायचे. गॅसने आतलं पाणी आंबट होतं. आंबट पाण्यात खडे विरघळतात. ते पाणी थेंबथेंब प्रवाळांच्या टाकीत सोडायचं. झाला चुन्याचा पुरवठा!"

"खडे कसले?" राणीने विचारलं.

"मेलेल्या प्रवाळांचे. त्यांच्या हाडांइतकं उत्तम दुसरं काही नाही."

टाकीतल्या प्रवाळांनी अंग चोरून घेतलं. मग पोवळाबाई म्हणाली, "महाराज, ती आमची माणसं आहेत."

"वा!" भल्लराव खूश झाले. "म्हणजे घरचंच अन्न की! आणखी काय पाहिजे?"

उद्घाटनाला रानडुकराला मुद्दाम बोलावलं. जंबूकरावांनी गॅसचा नळ किंचित सोडला. नळकांड्यात एक बुडबुडा वर आला. बऱ्याच वेळाने दुसरा आला.

"एवढंच?" रानडुक्कर म्हणालं.

भल्लरावांचे कान लाल झाले. "जंबूकराव, नळ उघडा."

"महाराज, हे हळूहळूच वाढवायचं असतं. रोज पाणी तपासायचं, मग..."

"पाहुणे रोज येणार आहेत का?"

जंबूकरावांना पुढचं सगळं ठाऊक होतं. गॅस जास्त झाला की आंबट पाणी टाकीत उतरतं आणि जीव गुदमरतात, हे त्यांनी परदेशी शिकलेलं होतं. पण खुर्ची धरून ठेवायची कशी, हेही त्यांनी तिथेच शिकलेलं होतं. त्यांनी नळ पूर्ण उघडला.

काय ते बुडबुडे! नळकांडं नुसतं उकळल्यासारखं दिसू लागलं. रानडुक्कर काचेला नाक लावून बघू लागलं. भल्लरावांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. नळ तसाच राहिला.

थोड्या वेळाने मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकू लागले. "नाचतायत! नाचतायत!" दरबाराने टाळ्या वाजवल्या.

"अहो, मरतायत ते! बंद करा तो नळ!" मधुराणी ओरडली.

"पाहुण्यांसमोर?" भल्लराव दातओठ खात पुटपुटले.

पाहुणे जेवून, पान खाऊन गेले. तोवर मासे उलटे तरंगत होते. पुढे प्रवाळांचा रंग उतरला. जांभळं, केशरी, हिरवं सगळं पांढरंफटक पडलं. पोवळाबाईच्या बुंध्याशी बोटाएवढा एक कोंब तेवढा जिवंत होता.

"राणीसाहेब, एवढ्याला घेऊन जा," ती म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

मधुराणीने मडक्यात खारं पाणी घेतलं, त्यात कोंब ठेवला आणि ती समुद्राच्या वाटेला लागली. कुणाला विचारलं नाही. परत आलीही नाही.

"राजसंपत्तीची चोरी!" भल्लराव गरजले. मग जंबूकरावांकडे वळले. "आणि तुम्ही! माझा समुद्र मेला!"

"समुद्र मेला, पण खडे किती झाले बघा ना, महाराज," जंबूकराव नम्रपणे म्हणाले.

मेलेली प्रवाळं फोडून नळकांड्यात भरली. पोवळाबाईही त्यातच गेली. आता घाई नव्हती, म्हणून नळ बेताने सोडला, पाणी रोज तपासलं. यंत्र अप्रतिम चाललं. रिकाम्या टाकीत चुना इतका अचूक झाला की जंबूकरावांना दरबाराने शाल दिली.

"एवढं उत्तम पाणी वाया घालवायचं?" भल्लराव म्हणाले, आणि त्यांनी सेवकांना नवी प्रवाळं तोडून आणायला पाठवलं.

तात्पर्य, मुलांनो, पाठच करून ठेवा: ज्याचं घर मोडून आणलं, त्याला त्याच्याच माणसांची हाडं उगाळून पाजावीत. जगला तर आपलं कौतुक होतं. मेला तर पुढच्याची सोय होते.