कवी मेला कधी?

आमच्या पुलगावात कुणी कविता म्हणायला उभं राहिलं, की टाळ्यांच्या आधी वामनभाऊंचा प्रश्न यायचा. "थांबा न बावा! कवी मेला कधी?"

एकदा गणपतीच्या मंडपात एका मास्तरांनी स्वतःचीच कविता म्हटली. त्यांनाही यांनी विचारलंच. ते बिचारे चाचरत म्हणाले, "मी आहे जी अजून." "मंग चालू द्या, तुमचीच परवानगी हाय," म्हणून वामनभाऊ खाली बसले.

माझं कापडाचं दुकान आणि त्याला लागून त्यांचा छापखाना. लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती, असलं काम. कवी गेल्यावर पन्नास वर्षं त्याच्या पुस्तकावर वारसांचा हक्क, मग कुणीही छापावं, हा कायदा त्यांना रामरक्षेसारखा पाठ. लोकांच्या मरणावर एवढा डोळा ठेवणारा माणूस मी स्मशानातही पाहिला नाही!

त्याला कारण होतं. त्यांची बायको शांतावहिनी. वहिनींची नजर अधू होत चालली होती आणि त्यांच्या जिवाभावाचं एक कवितांचं पुस्तक कुठं मिळत नव्हतं. घरात एक जुनी प्रत होती, तिची अक्षरं मुंगीएवढी.

"मी वाचून दाखवतो न," भाऊ म्हणायचे.

"कविता आपली आपण वाचाची असते जी," वहिनी म्हणायच्या.

म्हणून भाऊंना ते पुस्तक मोठ्या अक्षरांत छापायचं होतं. वारसांचा ठावठिकाणा लागेना. पण एक्क्याण्णव साल सरलं की कवीची पन्नास वर्षं भरणार होती. भाऊंनी कागदसुद्धा कापून ठेवला.

आणि साल सरता सरता सरकारनं पन्नासाची साठ केली! बंगालातल्या एका थोर कवीची मुदत संपत होती म्हणे. त्याच्यापायी आमच्या गरीब कवीलाही दहा वर्षांचं कुलूप.

मी भडकलो. "घरच्या घरी एक प्रत काढा. कोण पाह्यते?"

"चोरीचं फूल देवाले वाह्यते का कोणी?"

आमच्या गल्लीतले सगळे देव चोरीच्याच फुलांवर होते, पण हे त्यांना कोण सांगणार! भाऊ थांबले. कॉम्प्युटर आले, जो तो जुनी यंत्रं भंगारात काढू लागला, भाऊंनी आपलं पायानं चालवायचं यंत्र पुसून ठेवलं. त्या दहा वर्षांत वहिनींची नजर पार गेली. आता कशाला छापता, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

साठ वर्षं भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून यंत्राचा धाडधाड आवाज आला. मी गेलो. नाटकाच्या जाहिरातींची मोठाली लाकडी अक्षरं भाऊंनी जुळवली होती आणि जाड पुठ्ठ्यावर शाईशिवाय दाबली होती, खोल. एका पानावर जेमतेम एक ओळ. स्टुलावर बसून वहिनी बोटानं एकेक अक्षर चाचपत होत्या. ओठ हलत होते. मी चपला काढून दारातच उभा राहिलो.

बोट थांबलं. "अवो, हे वेलांटी चुकली जी. पहिली पाह्यजे."

वामनभाऊंनी माझा दंड गच्च धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू.

"चूक सापडली बावा! वाचून राह्यली न ते!"