मागच्या दाराचा नियम

तपासणी अकराला होती आणि अकराला दहा कमी असताना भांडारपाल स्वतःच्याच घराच्या मागच्या जिन्यात अडकले.

कारखान्याच्या भांडारात चौतीस वर्षं काढलेला माणूस. सहीशिवाय कुणाला खिळा दिला नाही. निवृत्त झाले, मुलं पांगली, वरची खोली गप्प झाली आणि तिच्याबरोबर बायकोही. मग ती खोली सुट्टीवर येणाऱ्यांना चार-आठ दिवसांसाठी द्यायला लागले आणि बाई पुन्हा बोलायला लागली. हसायलाही. भांडारपाल यासाठी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे मनातल्या मनात आभार मानत. तोंडाने फक्त सूचना देत.

एवढ्यात पालिकेची नियमावली आली. परवाना नसेल तर पुढच्या महिन्यापासून खोली बंद. पालिकेचे नियम सोळा. भांडारपालांनी त्यात आपले बावीस घातले. नवव्या नियमात म्हटलं होतं, पाहुण्यांच्या खोलीला बाहेर पडायला दुसरं दार हवं, आतून किल्लीविना उघडणारं. दार बसवलं. पण चोराचं काय? म्हणून बाहेरून त्याला कडी नाही, मूठ नाही; सोडलं की आपोआप बंद. शिवाय जिन्याच्या तळाशी जाळीचा दरवाजा आणि त्याला कुलूप. आतून कायदा, बाहेरून बंदोबस्त!

ते दार एकदा शेवटचं तपासावं म्हणून ते बाहेर पाऊल टाकतात तोच मागे खटका वाजला. कुलपाची किल्ली घरात, फोन घरात, बायको बाजारात.

त्यांनी दार ठोठावलं. खोलीत एक निवृत्त कंडक्टर बायकोसह उतरला होता.

"कोण आहे?" आतून खणखणीत आवाज आला.

"मी! घरमालक! दार उघडा."

"आग लागलीय का?"

"नाही हो!"

"मग नाही उघडता येणार. तुमचाच नियम आहे, साहेब. आगीशिवाय मागचं दार उघडायचं नाही, मी सांगितलं तरी नाही. खाली माझी सही घेतलीय तुम्ही."

"अहो, मीच सांगतोय ना आता!"

"'मी सांगितलं तरी नाही,'" कंडक्टरने पुन्हा वाचून दाखवलं. "नियम म्हणजे नियम. बाकी आराम आहे ना?"

खाली पुढच्या दाराची घंटा वाजली. तपासनीस बाई! भांडारपालांच्या डोळ्यांपुढे कुलूप लावलेली खोली आली आणि तिच्याखाली गप्प बसलेली बायको. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटी नोंद केली.

"आग! आग!"

मग कंडक्टर हलला. खिशातली शिट्टी तोंडात गेली, त्याची बायको उठून उभी राहिली, भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं हातात आलं. दार उघडलं आणि समोर जे पहिलं हललं त्याच्यावर त्याने फवारा सोडला. भांडारपाल भुकटीने पांढरेफटक झाले. शिट्टी ऐकून तपासनीस बाई पुढचं लोटलेलं दार ढकलून जिन्याने धावत वर आल्या.

"काय चाललंय इथे?"

"प्रश्न नंतर, बाई! आधी उतरा! चला, चला, थांबू नका!" कंडक्टरने दोन्ही बायकांना पुढे घातलं आणि पांढऱ्या भांडारपालांना ढकलत सगळ्यांना जिन्यात आणलं. मागे खटका वाजला.

तळाशी कुलूप.

"आग कुठाय?" तपासनीस बाईंनी विचारलं.

भांडारपालांनी सगळं खरं सांगितलं. शिंकत शिंकत सांगितलं.

"म्हणजे खरी आग लागली असती तर आपण चौघं इथे भाजून निघालो असतो," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसून कागद काढला. "परवाना कसा देऊ मी?"

कंडक्टर खाकरला.

"बाई, तीस वर्षं मी लोकांना सुट्टीच्या गावी नेऊन सोडलं. उतरलो कधीच नाही. घंटी मारली की परत. यंदा पहिल्यांदा उतरलो, ते यांच्याकडे. हे जरा कुलपाचे आहेत, खरंय. पण काल हिच्या गुडघ्याला यांच्या बायकोने तासभर शेक दिला. हे तेवढं लिहा कुठेतरी."

एवढ्यात भांडारपालांची बायकोच भाजीची पिशवी घेऊन जाळीपाशी उभी राहिली. नवऱ्याकडे खालून वर पाहिलं.

"हे काय, पीठ सांडलंत का अंगावर?"

"किल्ली आण गं! कपाट दुसरं, खण तिसरा, क्रमांक सत्तावीस..."

"किल्ली कशाला?" तिने पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी जाळी धरून वर उचलली आणि कुलपासकट बिजागरीतून काढून भिंतीला टेकवली. "मी रोज कचरा टाकायला अशीच जाते. या बाहेर. चहा टाकते सगळ्यांना."

तपासनीस बाईंनी चहा घेतला. जाळी आजच भंगारात गेली पाहिजे, असं बजावलं. मग अर्जावर 'आपत्तीत पाहुण्यांना बाहेर काढणारी जबाबदार व्यक्ती' या रकान्यातलं भांडारपालांचं नाव खोडलं, त्यावर त्यांच्या बायकोचं लिहिलं आणि परवानाही तिच्याच नावे करून दिला.

"आणि मी?" भांडारपालांनी हळूच विचारलं.

"तुम्ही घरात राहू शकता," तपासनीस बाई म्हणाल्या. "परवानाधारकांची हरकत नसेल तर."

बायको इतकी हसली की कप खाली ठेवावा लागला. भांडारपालांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कंडक्टरकडे, मग तपासनीस बाईंकडे. चौतीस वर्षांत कुणाला तोंडाने न म्हटलेलं 'आभारी आहे' त्यांनी तिघांना एकेकदा म्हटलं आणि पोच न घेता कप विसळायला आत गेले.