कंडक्टरबाईंचं पहिलं वाचन

“चर्चमध्ये सोमवारच्या मिस्सेत, भर प्रार्थनेत, मी वाचणार म्हणजे वाचणार! बघतेच मला कोण अडवतं ते!”

कंडक्टरबाईंनी असं जाहीर केल्यावर नवऱ्याने पेपर आणखी वर धरला. भर गर्दीच्या बसमध्ये जिचा आवाज मागच्या दारातून ड्रायव्हरच्या कानात शिरतो, तिला घरात कोण अडवणार?

अडवणारे एकच, निवृत्त हेडमास्तर. चर्चमधलं वाचन म्हणजे त्यांची वतनदारी! ते स्वतःच्या मिशांना ऐकू जाईल इतपतच वाचत आणि लोक डोळे मिटून ‘चिंतन’ करत.

“बाई, हे पवित्र शास्त्र आहे, बसचे थांबे नव्हेत!”

“म्हणूनच लोकांना ऐकू जायला हवं, मास्तर!”

फादरनी निकाल दिला. “येशूचं शुभवर्तमान मी वाचणार, तो नियमच आहे. पण पहिलं वाचन तयारी केलेल्या कुणीही करावं. बाई असो की बुवा.”

“चुकल्या तर मात्र पुन्हा नाही!” हेडमास्तरांनी पाचर मारलीच.

सोमवारी बाई ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच वाचनपीठाशी उभ्या राहिल्या. नेमका माइक बंद पडला. हेडमास्तर गालात हसले.

“नसू दे!” म्हणत बाईंनी सुरुवात केली. समोर समुद्र, मागून फारो राजाचं सैन्य आणि मध्ये अडकलेले इस्राएल लोक! आवाज छताला भिडला. बाईंना असा रंग चढला, की वाक्य संपवून त्यांनी ऐटीत मान वर केली. आणि तिथेच घात झाला. पुढचे बाक नेहमीप्रमाणे ओस आणि दाराशी ही गर्दी! त्यात नवराही. बाईंचा तळहात आपोआप वाचनपीठावर आपटला.

“चला, पुढे सरका! दारात गर्दी करू नका, मध्ये सगळं रिकामं आहे!”

चपलांचा सपसप आवाज झाला आणि अख्खी मंडळी निमूट पुढच्या बाकांवर येऊन बसली! फादर वर्षानुवर्षं हात जोडून हेच विनवत होते.

बाईंनी जीभ चावली. केवढ्या भांडणाने मिळालेली संधी, गेली! पण आता माघार कसली? त्यांनी उतारा शेवटपर्यंत दणक्यात वाचला. “हा प्रभूचा शब्द!”

“देवाला धन्यवाद!” लोक दचकून ओरडले.

मिस्सा संपताच हेडमास्तर तणतणत आले. “ते वाक्य शास्त्रात कुठे आहे, दाखवा!”

“नाहीये! चुकलं माझं. पण वाचन सोडणार नाही!”

फादर म्हणाले, “मास्तर, उताऱ्यात देव काय सांगतो? लोकांना पुढे चालायला सांग. बाईंनी सांगितलं. रविवारीही त्याच वाचतील.”

बाई तरंगतच घरी आल्या. “कसं झालं हो माझं वाचन?”

“झकास! शब्दन् शब्द ऐकू आला,” नवरा म्हणाला.

“मग सांगा बघू, काय होतं त्यात?”

नवऱ्याने डोकं खाजवलं.

“पुढे सरका!”

“रविवारी पुन्हा ऐका!” बाई कडाडल्या. “आणि पहिल्या बाकावर बसून!”